आठशे चाळीस खांब

परब वाळूवर पाय ठेवत नसत. कुवेतसारख्या देशात, जिथे दार उघडलं की माणसाआधी वाळू घरात येते, तिथे हे गृहस्थ बारा वर्षं राहिले आणि चालले ते डांबरावर, सिमेंटवर, लोखंडावर नाहीतर लाकडी फळीवर. मला हे लक्षात यायला तीन वर्षं लागली. आणि माणसं कुठे पाय ठेवतात यावर नजर ठेवण्याचा पगार मला मिळत होता!

मी नाशिकहून शहाण्णव साली तिकडे गेलो. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात कामं घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत सेफ्टी इंजिनियर होतो. गळ्यात शिट्टी, हातात तपासणीचा तक्ता आणि तोंडात दिवसभर एकच पोपटपंची, की बाबांनो, काही लपवू नका, जे झालं ते सांगा, मी लिहून घेतो. अनंत परब माझ्या चार वर्षं आधी आलेले, वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. आखाती लढाई संपल्यावर मोडलेलं सगळं पुन्हा उभं करायला माणसं भरभरून आणली होती, त्यांतले ते एक. कणकवलीजवळच्या एका खेड्यातले. काम स्कॅफोल्डरचं, म्हणजे पाइपला पाइप क्लॅम्पने जोडत उंच परांची बांधायची आणि इतरांचं काम आटोपलं की ती उतरवायची.

आमची पहिली भेट काही गोड नव्हती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी नवं हेल्मेट, नवा पट्टा अशा थाटात चाळीस मीटर उंच परांचीची शिडी चढायला निघालो. एका काटकुळ्या, काळ्यासावळ्या माणसाने शिडीवर आडवा हात धरला.

"सायबानू, खंय?"

"वर. तपासणी करायचीय."

"पट्टो खंय लावलात?"

मी कंबर पुढे करून पट्टा दाखवला. त्यांनी पट्ट्याचा हूक बोटात धरून हलकेच ओढला. तो कशालाच अडकवलेला नव्हता.

"ह्यो पट्टो नाय सायबानू, ह्यो दागिनो. आधी हयसर अडकवा, मगे चढा. आणि वयर हिरवी चिठ्ठी दिसल्याशिवाय फळयेर पाय ठेवू नकात. मी अजून तपासूक नाय."

खाली उभी असलेली दहा-बारा माणसं हसली. मला असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्या परांचीत खोड काढायच्या मागे होतो. एक सापडली नाही. उलट तिसऱ्या दिवशी तेच माझ्याकडे आले आणि म्हणाले, उत्तरेकडचा एक क्लॅम्प रात्री सैल राहिला होता, सकाळी मीच आवळला, पण तुमच्या वहीत लिहा. मी म्हटलं, आवळला ना, मग लिहायचं कशाला? तर म्हणाले, "लपवलेलो क्लॅम्प बांधणाऱ्याक मारणा नाय. सकल उबो आसता तेका मारता."

सकल म्हणजे खाली. हे वाक्य पुढे मी माझ्या भाषणांत किती वेळा वापरलं असेल! अर्थात माझंच म्हणून.

त्यांची एक सवय होती. कुठेही बसायच्या आधी ते खुर्ची दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत. कँटीनचं बाकडं असो, बसमधली सीट असो, मॅनेजरच्या केबिनमधली गुबगुबीत खुर्ची असो. आमच्या सालमियाच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा जेवणाच्या टेबलाची खुर्ची हलवून पाहिली आणि बायकोला विचारलं, "वहिनी, पान्हो आसा?" चारही खुर्च्यांचे स्क्रू आवळून झाल्यावरच ते पानावर बसले. सुनंदा आत येऊन मला म्हणाली, "हे जेवायला आलेत की दुरुस्तीला?" पण त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी "परबांना बोलवा हो" असं तीच म्हणायची. बाकी आमच्या मराठी मंडळातल्या इंजिनियर लोकांच्या घरी खैतानच्या खोल्यांत राहणारी एकटी माणसं सहसा येत नसत. त्यांना कोणी बोलवत नसे, हे खरं. 'फॅमिलीवाले' आणि 'बॅचलर' अशी आमच्यात एक जात पडली होती. गावी बायको आणि मुलगी असलेले परबही त्या हिशेबाने बॅचलरच.

एकदा शुक्रवारी जेवणं झाल्यावर आम्ही त्यांना घेऊन समुद्रावर गेलो. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती धावत पाण्याकडे गेली आणि तिथून ओरडायला लागली, "अंकल, कम ना! कम फास्ट!" परब फुटपाथच्या कडेला उभे होते. बुटांची टोकं बरोबर सिमेंटच्या काठाला लागलेली. ती हाका मारून दमली, मग शिंपले गोळा करून स्वतःच त्यांच्याकडे आणून देऊ लागली. तासभर ते तिथेच उभे होते. मी विचारलं, पायाला काही लागलंय का?

तेव्हा त्यांनी सांगितलं. ब्याण्णव सालची गोष्ट. दक्षिणेकडे रस्त्याच्या कडेला बाराजण पाइप उतरवत होते. त्यात शिवराम म्हणून शेजारच्या गावचा एकजण होता, दोघं एकाच विमानाने आलेले. शिवराम लघवीला म्हणून रस्ता सोडून आत गेला.

"चार पावलां सायबानू. लय नाय, चारच. आवाज इलो तेवा माका वाटला, आमचोच पाइप पडलो."

लढाईत पेरलेल्या सुरुंगांबद्दल मी कागदोपत्री सगळं वाचलं होतं. कुठले भाग साफ झाले त्याचे नकाशे माझ्या कपाटात होते. मी त्यांना म्हटलं, अहो, पण आता सगळं साफ केलंय, आणि हा तर शहरातला किनारा.

"केल्यानी आसतीत. तुमच्याकडे कागद आसात." त्यांनी माझ्या मुलीचे शिंपले खिशात ठेवले. "पण वाळू हलता. काल हय होती ती आज थय."



असा माणूस पळतो, हे मला कळलं वफ्र्याला. वफ्रा म्हणजे दक्षिणेकडचा शेतांचा मुलूख. काचेची आणि प्लास्टिकची घरं, त्यांत काकड्या-टोमॅटो, खजुरांच्या रांगा, मेंढ्यांचे आणि उंटांचे गोठे. जमीन ताटासारखी सपाट. दोन मजऱ्यांमधून, म्हणजे शेतांमधून, जाणारे एका गाडीपुरते डांबरी रस्ते आणि कडेने वाऱ्याला आडवी लावलेली झाडं. एका हिवाळ्यात आम्ही भाजी आणायला गेलो असताना समोरून एक माणूस संथ लयीत पळत येताना दिसला. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. जवळ आल्यावर म्हणाला, "एकशे एकोणतीस. नमस्कार सायबानू," आणि न थांबता पुढे गेला.

तो आकडा खांबांचा होता. खैतानहून भाजी आणायला पहाटे एक पिकअप वफ्र्याला जाई. परब तिच्यात बसून येत आणि भाजी भरून होईपर्यंत पळत. किलोमीटर वगैरे त्यांच्या लेखी नव्हते. विजेचे खांब मोजायचे. एका मोठ्या मजऱ्याच्या पंपघरापासून निघून सगळ्या शेतांना वळसा घालून परत पंपघर, एक फेरी दोनशे दहा खांबांची. हाफ पँट का घालत नाही, तर "लोकांच्या मुलखात उघडे पाय बरे दिसनत नाय." बताका, म्हणजे तिथलं ओळखपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतून बनियनला सेफ्टी पिनने अडकवलेलं. सुरुवातीला गस्तीच्या पोलिसांनी दोनदा अडवलं. हे पळायचं थांबून सरळ उभे राहत, आत हात घालून पिन काढत आणि दोन्ही हातांनी बताका पुढे करत. तिसऱ्यांदा पोलिसाने काच खाली करून पाण्याची बाटली दिली.

मी विचारलं, "हे खूळ कुठून शिरलं डोक्यात?"

"हय आवाज नाय," ते म्हणाले. कारखान्यात दिवसभर कानठळ्या आणि खोलीत सहाजणांचं घोरणं. खरंच, वफ्र्याच्या त्या रस्त्यावर बुटांचा आवाज सोडला तर काही नसे. कुठे पंपाची धडधड, कुठे मेंढी.

पण ते अर्धंच कारण होतं. दुसरं अर्धं पुढे कळलं. उंचावर काम करणाऱ्यांची दरवर्षी कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी असे. मागच्या तपासणीत परबांचा रक्तदाब थोडा चढलेला निघाला होता. डॉक्टर म्हणाले, या वेळी सही करतो, पुढच्या वर्षी पाहू. ते 'पाहू' परबांच्या मनात रुतून बसलं. कंपनीत उंचीला अपात्र ठरलेल्या माणसाला खाली दुसरं काम देत नसत, तिकीट देत. त्यांची मुलगी शुभांगी बेळगावला नर्सिंग शिकत होती, तिची दोन वर्षं राहिली होती. "तां नर्स झाला काय मी आपणहून सकल उतरतलंय," ते म्हणत. तोवर वर चढता आलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. "वयर चढता तवसर माणूस सायबानू. सकल उतारलो काय सामान."

त्यांच्यामुळे मीही पळायला लागलो. मी कसला पळतो, धापा टाकत सालमियाच्या किनाऱ्यावर फरफटत जायचो. मंडळातले आणखी काहीजण होते, टिकटिक करणारी महागडी घड्याळं बांधून पळणारे. त्यांच्यात एकदा टूम निघाली, आपण मॅरेथॉन करू या. शहरात रस्ता मिळणं अशक्य. मी म्हटलं, वफ्रा. सपाट आहे, शांत आहे, चार फेऱ्या मारल्या की झालं. ज्यांच्या पंपघरापासून सुरुवात करायची त्या मजऱ्याच्या म्हाताऱ्या मालकांना भेटायला गेलो. त्यांनी कॉफी दिली, पोलीस चौकीची परवानगी मी काढतो म्हणाले आणि एकच प्रश्न विचारला, "यात किती माणसं पडतील?"

"एकही नाही," मी छातीठोक सांगितलं. सेफ्टी इंजिनियर ना!

मग मी अंतर मोजायचं चाक घेऊन अख्खा दिवस ती फेरी मोजली. साडेदहा किलोमीटर. खांबाखांबात पन्नास मीटर, खांब दोनशे दहा. परबांनी फुकट सांगितलेलं मी उन्हात भाजून सिद्ध केलं. मॅरेथॉनच्या बेचाळीस किलोमीटरवरचे एकशे पंच्याण्णव मीटर भरायला सुरुवातीची रेघ पंपघराच्या मागे घेतली. चार फेऱ्यांचे खांब आठशे चाळीस.

नोटीस मीच लिहिली. त्यात एक वाक्य मोठ्या अभिमानाने घातलं की धावण्यापूर्वी आमच्या कंपनीचे डॉक्टर प्रत्येकाचा रक्तदाब तपासतील. डॉक्टर केरळचे, भला माणूस, माझ्या शब्दाखातर शुक्रवारची झोप मोडून यायला तयार झाले होते. परबांनी नोटीस दोनदा वाचली.

"कंपनीचोच डॉक्टर?"

"हो, आपलेच. काळजी कसली?"

त्यांनी नोटीस मला परत दिली. त्यांची वार्षिक तपासणी पुढच्याच महिन्यात होती, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात येणं वेगळं.

जानेवारीतली ती सकाळ. धुकं होतं. तेवीस माणसं पळायला उभी, त्यांत खैतानचे परब एकटे. बाकीच्यांच्या पायांत झुळझुळीत चड्ड्या, यांची इस्त्रीची पँट. डॉक्टरांनी एकेकाच्या दंडाला पट्टा बांधला. परबांची पाळी आली तेव्हा आकडा पाहून डॉक्टर म्हणाले, "परब, क्या बात है, एकदम जवान आदमी के माफिक!" आणि आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी घेऊन परब माझ्याकडे आले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"एकशे अठरा सायबानू!"

चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती बताक्याच्या पिशवीत घातली आणि वरून पिन लावली.

मी पाण्याचा पिकअप घेऊन मागेपुढे करत होतो. पहिल्या फेरीला जोरात सुटलेले घड्याळवाले दुसऱ्या फेरीला चालू लागले, तिसऱ्या फेरीला बसले. परबांची लय बदलली नाही. मी शेजारून गेलो की हात हलवण्याऐवजी आकडा सांगत. "दोनशे ब्याण्णव." "चारशे वीस." सहाशे तिसाला पंपघरापाशी म्हाताऱ्या मालकांनी स्वतः ताकाचा पेला पुढे केला. परबांनी उभं राहून, पेल्याला दोन्ही हात लावून तो घेतला. तेव्हा त्यांचा चेहरा पांढुरका वाटला होता का? मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. वाटला होता.

सातशे चौसष्टाव्या खांबाशी ते पडले.

मी पोचलो तेव्हा पाय डांबरावर होते आणि कमरेपासून वरचं अंग वाळूत. मी डॉक्टरांना फोन केला, ते पाचएक मिनिटांत आले. आम्ही दोघांनी त्यांना उचलून झाडाखाली सावलीत निजवलं, पाय उंच केले. नाडी बारीक झाली होती. मी त्यांच्या गालावर पाणी मारत होतो आणि मनात एकच म्हणत होतो, परब, उठा हो, उठा. थोड्या वेळाने डोळे उघडले. त्यांनी हाताने जमीन चाचपली आणि एकदम अंग आक्रसून घेतलं.

"वाळयेत कोणी घातल्यान माका?"

मी म्हटलं, मी. ते आपल्या पायांनी उठायला बघत होते. आम्ही धरून पिकअपमध्ये चढवलं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "मैं उधर दोस्त के नाते आया था. मैं अपने से कुछ नहीं लिखेगा. लेकिन वो आदमी चालीस मीटर ऊपर चढ़ता है. तुम सेफ्टीवाला है. तुम सोचो."

मी विचार केला. वरून पडलेला माणूस डोळ्यांपुढे येत होता. त्याच्याखाली उभे असलेलेही येत होते. आणि परबांचंच वाक्य, लपवलेला क्लॅम्प सकलच्याला मारतो. त्यांच्या जागी मी असतो तर परबांनी लिहून घ्यायला लावलं असतं, अशी मी मनाची खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून मी कंपनीचा अपघात-नोंदीचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता, गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं, कोणतं औषध घेतलं. हा रकाना माणसाला समोर बसवून, विचारून भरायचा असतो. नव्या पोरांना शिकवताना मी त्यावर अर्धा तास बोलत असे. मी त्यात लिहिलं, 'नेहमीचा नाश्ता. औषध नाही.' परब खोलीवर विश्रांती घेत होते, त्यांना कशाला त्रास द्या, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर बसायची मला हिंमत नव्हती.

पुढचं सगळं भराभर झालं. कंपनीला तेव्हा माणसं कमीच करायची होती. अचानक बेशुद्ध पडणारा माणूस, उंचीला कायमचा अपात्र. महिन्याच्या आत त्यांच्या अकाम्यावर, तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, रद्दचा शिक्का बसला. मी मॅनेजरकडे गेलो, खाली स्टोअरमध्ये तरी ठेवा म्हणून अजिजी केली. मॅनेजरने माझाच फॉर्म माझ्यासमोर ठेवला.

जायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. मी खैतानला त्यांच्या खोलीवर गेलो. ट्रंक बांधून झाली होती. खोलीतले बाकीचे माझ्याशी बोलले नाहीत. बाबल म्हणून त्यांच्या गावाकडचाच एक सुतार होता, आमच्याच कंपनीतला, तो तर मला बघून उठून बाहेर गेला. परब मात्र नेहमीसारखे होते. म्हणाले, "सायबानू, गाडी आसा काय? माका वफ्र्याक सोडतास? माजे शाहत्तर खांब ऱ्हवले."

गाडीत मी माफी मागायला सुरुवात केली. ती मी आठवडाभर घोकून ठेवली होती.

"तुम्ही लिवलात तां बरोबर लिवलात," ते समोर बघत म्हणाले. "चक्कर इली, माणूस पडलो. लिवकच व्हया." मग शर्टात हात घालून त्यांनी पिन काढली, पिशवीतून ती चिठ्ठी काढली आणि गिअरजवळ ठेवली. एकशे अठरा.

"ह्यो कागद खोटो सायबानू. बाबल बीपीच्यो गोळ्यो खाता. त्या दिवशी सकाळी तेच्यातल्यो दोन मी खाल्लंय. कंपनीचो डॉक्टर म्हणान. आकडो बरो येवक व्हयो म्हणान."

मी गाडी बाजूला घेतली. दुसऱ्याच्या गोळ्या, त्याही एकदम दोन, आणि वर अडतीस किलोमीटर. पडतील नाहीतर काय! काळीज बिघडलं नव्हतं, काही नव्हतं. पुन्हा तपासणी झाली असती, एखादं साधं औषध लागू झालं असतं.

"अहो, मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलो.

"बोललंय आसतंय तर बाबलाकय पाठवल्यानी आसत्यानी. तोय परांचीर चढता. तेची तीन पोरां आसत." चिठ्ठीकडे बघत म्हणाले, "आणि माका इचारलां नाय कोणी."

"मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

त्यांनी खरंच विचार केला. "ठावक नाय," ते म्हणाले. "पण तुम्ही इचारूक व्हया होता."

मग म्हणाले, "आता ह्यां लिवू नकात."

मी ते लिहिलं नाही. बाबल पुढे चार वर्षं चढत-उतरत राहिला आणि प्रत्येक वेळी तो शिडीवर दिसला की तो उतरेपर्यंत मी तिथून हलत नसे. बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही. 'काही लपवू नका' हे वाक्य मात्र त्यानंतर मी कोणापुढे उच्चारलं नाही.

सातशे चौसष्टाव्या खांबाशी मी गाडी थांबवली. परब उतरले, बुटांच्या नाड्या आवळल्या, खांबाला हात लावला आणि निघाले. मी पहिल्या गिअरमध्ये मागून जात होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडकी उघडी होती, त्यांच्या बुटांचा आवाज येत होता आणि आकडे. आठशेच्या पुढे त्यांचा आवाज लागेनासा झाला, पण मोजणं थांबलं नाही. पंपघरापाशी मी खडूने आखलेली शेवटची रेघ कधीच पुसली गेली होती. त्यांनी वळून विचारलं, "खंय होती?" मी खिडकीतून हात काढून जागा दाखवली. तिथे जाऊन ते थांबले.

"आठशे चाळीस," ते म्हणाले. आनंद नाही, दुःख नाही, तपासलेल्या परांचीवर चिठ्ठी लावताना बोलत तसं.

 उतरून हात मिळवावा, तेही मी केलं नाही. मी म्हटलं, गाडी वळवून घेतो. रस्ता अरुंद. मी आडवी घालून मागे घेऊ लागलो. डोळ्यांत पाणी असल्यामुळे म्हणा, नाहीतर माझं ड्रायव्हिंगच तसलं म्हणून म्हणा, मागचं चाक डांबराच्या काठावर गेलं.

"थांबा!"

त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात आपटला आणि वळसा घालून मागे गेले. आरशात मला ते दिसले. क्रेनवाल्याला खुणा करतात तसे दोन्ही हात वर धरून ते मला सांगत होते, आधी पुढे, पुढे, आता मागे, हळू, येवा, येवा, बस. माझं एकही चाक डांबर सोडून खाली गेलं नाही. आरशात ते छातीपर्यंतच दिसत होते. ते कुठे उभे आहेत ते मला गाडी सरळ झाल्यावर कळलं.

रस्त्याच्या कडेपासून चार पावलं आत उभे होते, वाळूत. मी बघतोय हे पाहून त्यांनी खाली मान घातली. मग वळले आणि जाताना उमटलेल्या आपल्याच पावलांवर एकेक पाय ठेवत रस्त्यावर परत आले.